मूत्रपिंड रक्त कसे धुते
(इयत्ता ४ थी)

आपल्या पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांजवळ, आतल्या अंगाला एकेक मूत्रपिंड असते. आकार घेवड्याच्या बीसारखा. मापाने मोठ्या माणसाच्या मुठीएवढे. त्याला किडनी पण म्हणतात.

गेल्या उन्हाळ्यापर्यंत मला हे ठाऊक नव्हते. एके दिवशी आमचे दादा (म्हणजे माझे वडील) शेतातून कंबर धरून आले आणि ओसरीवर गडबडा लोळू लागले. आजीने ओवा-मीठ दिले. पण कळ पाठीतून निघून जांघेत येत होती. मला वाटले, दादा आता राहत नाहीत. मी खूप रडलो. तालुक्याला नेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, मुतखडा आहे. गुरुजींनी मला भित्तिपत्रकासाठी त्यावरच लिहायला सांगितले.

चुलीत लाकूड जळले की धूर होतो आणि राख उरते. अन्नाचेही तसेच. कार्बन डायऑक्साइड वायू धुरासारखा श्वासावाटे निघून जातो. डाळ, अंडी, मटण यांत प्रथिने असतात. त्यांची जी राख उरते तिचा यकृत युरिया बनवते. खताच्या पोत्यावर लिहिलेला असतो तोच युरिया! तो रक्तात मिसळतो. तो रक्तातून काढायचे काम मूत्रपिंडाचे. शौचाला होते ते वेगळे, ते आतड्यातूनच बाहेर जाते.

एका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. चहाच्या गाळणीत चोथा अडकतो तशी यांत घाण अडकत असेल, असे मला वाटायचे. गुरुजी म्हणाले, उलटे आहे. रक्तातल्या पेशी आणि मोठी प्रथिने तेवढी वर अडतात. पाणी, साखर, मीठ, युरिया सगळे खाली उतरते. मग पुढच्या नळ्या त्यातले कामाचे परत उचलून रक्तात घालतात. आई जोंधळे निवडताना खडे वेचते. मूत्रपिंड खडे ताटात ठेवून दाणे वेचून घेते.

असे दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळले जाते. आमचा हंडा १५ लिटरचा आहे, म्हणजे १२ हंडे! अंगात रक्त सुमारे ५ लिटरच, म्हणून तेच रक्त पुन्हा पुन्हा येते. त्या १८० लिटरमधले दीडेक लिटरच लघवी होऊन बाहेर पडते. (वर्गात लघवी म्हटले की मागच्या रांगेतली मुले हसतात. त्यांनाही लागतेच की.)

दोन्ही मूत्रपिंडे बंद पडली तर यंत्राने रक्त धुतात. त्याला डायलिसिस म्हणतात. १९४३ साली हॉलंडमध्ये डॉ. विलेम कोल्फ यांनी असे यंत्र रोग्याला लावले होते. त्यात मोठे पिंप फिरायचे. मुठीएवढ्या मूत्रपिंडाचे काम करायला एवढे मोठे पिंप!

आता खडा का होतो ते सांगतो. गुरुजींनी वाटीत मिठाचे पाणी उन्हात ठेवले होते. चार दिवसांनी पाणी आटले आणि काठाला मिठाचे खडे दिसले. उन्हात काम केले की पाणी घामावाटे जाते. मग मूत्रपिंड उरलेले पाणी राखून ठेवते, लघवी थोडी आणि पिवळीजर्द होते, आणि तिच्यातले क्षार विरघळून राहत नाहीत. त्यांचे खडे धरतात. दादा दिवसभरात एक तांब्या पाणी प्यायचे, कारण विहीर लांब आहे. मूत्रपिंडातून खाली येणारी नळी फूटपट्टीएवढी लांब, पण आतून अगदी बारीक. तिच्यात तुरीच्या डाळीएवढा खडा अडकला होता.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज तीन लिटर पाणी प्यायला सांगितले. नवव्या दिवशी खडा पडला. दादांनी तो कागदाच्या पुडीत ठेवला आहे. आई म्हणते फेकून द्या, पण ते फेकत नाहीत.

आता शेतावर जाताना दादा पाण्याचा कॅन नेतात. संध्याकाळी ते आले की मी आधी कॅन हलवून बघतो.