‘ह्योच त्यो’ म्हणजे आरोपी क्रमांक २

उलटतपास रंगात आलेला असतो. बचाव पक्षाचे वकील आवाज चढवून विचारतात, “म्हणजे भांडण झालं तेव्हा तुम्ही तिथं नव्हताच, बरोबर?” पिंजऱ्यातला साक्षीदार म्हणतो, “न्हाई साहेब, हुतो की. वसरीवर बसलो हुतो. समदं दिसत हुतं.” न्यायाधीश जरा थांबतात आणि सांगतात, “घटनेच्या वेळी मी हजर नव्हतो, हे म्हणणे खरे नाही. मी ओसरीवर बसलो होतो. मला सर्व दिसत होते.” त्यांचे शेवटचे वाक्य पुरे होते न होते, तोच ते स्टेनोच्या पडद्यावर उमटलेले असते.

महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत कामकाजाच्या दिवशी हे सतत चालू असते. सरकारी कागदावर पदाचे नाव ‘लघुलेखक’. पण कोर्टाच्या आवारात पट्टेवाल्यापासून वकिलांपर्यंत सगळे ‘स्टेनो’च म्हणतात. बोर्डावर प्रकरणे किती का असेनात, साक्षीला सुरुवात झाली की या टेबलावरची बोटे थांबत नाहीत. सरतपास, उलटतपास, गरज पडली तर फेरतपास. मध्येच एखादा दस्त दाखल होतो, त्याला निशाणी क्रमांक पडतो, तोही जिथल्या तिथे यावा लागतो.

आता या खोलीत यंत्र येऊ घातले आहे. देशातला सर्वांत गाजलेला प्रयोग महाराष्ट्राच्याच वादात झाला. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे शिवसेनेतल्या फुटीतून उभ्या राहिलेल्या प्रकरणाची सुनावणी सुरू असताना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने युक्तिवादांचे थेट लिप्यंतर पडद्यावर दिसू लागले. तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी त्याच वेळी एक अडचणही बोलून दाखवली होती: दोघे-तिघे एकदम बोलू लागले की यंत्राचा गोंधळ होतो, आणि चुका निस्तरायला माणसे ठेवावी लागतात. पुढे केरळ उच्च न्यायालयाने १ नोव्हेंबर २०२५ पासून कनिष्ठ न्यायालयांत साक्षी नोंदवण्यासाठी ‘अदालत एआय’ ही प्रणाली वापरणे बंधनकारक केले. ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्राने सप्टेंबर २०२३ मध्ये मंजूर केलेल्या ७,२१० कोटी रुपयांतही अशा तंत्रज्ञानासाठी वेगळी तरतूद आहे.

मग स्टेनोचे काय? याचे उत्तर शोधताना आपल्याकडची नोंद कशी होते, हे आधी पाहावे लागते.

अमेरिकेतल्या कोर्टात प्रश्न आणि उत्तर शब्दशः उतरवले जातात. तिथला रिपोर्टर स्टेनोटाइप यंत्रावर एका वेळी अनेक कळा दाबतो, आणि व्यावसायिक प्रमाणपत्रासाठी साक्षीच्या चाचणीत मिनिटाला २२५ शब्दांचा वेग मागितला जातो. आपल्या सत्र न्यायालयात साक्ष सामान्यतः निवेदनाच्या रूपात लिहायची असते. एखादा भाग प्रश्नोत्तररूपात घ्यायचा की नाही, हे न्यायाधीश ठरवतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३११ मध्येही आहे. म्हणजे खोलीत उच्चारलेला शब्द न् शब्द टिपणे हे आपल्याकडचे काम नाही. साक्षीदार बोलतो एक, न्यायाधीश त्याचा आशय धरून सांगतात दुसरे, आणि अभिलेखावर जाते ते दुसरे. यंत्र दोन्ही ऐकते. त्यातले कोणते ठेवायचे, हे त्याला कुणीतरी सांगावे लागते.

ओळख पटवण्याचा प्रसंग घ्या. सरकारी वकील विचारतात, “मारणारा माणूस आज इथं आहे का?” साक्षीदार बोट करतो, “ह्योच त्यो.” यंत्राच्या हाती एवढेच लागते. अभिलेखावर मात्र ‘न्यायालयात हजर असलेला आरोपी क्रमांक २ तोच आहे’ असे यावे लागते, कारण अपिलात वरचे न्यायालय तो कागदच वाचणार असते. त्या बोटाची दिशा खोलीतल्या माणसांनीच पाहिलेली असते. मान हलवून दिलेला होकार आणि उत्तराआधीचा लांबलेला थांबा यांचीही तीच गत.

हा थांबाच यंत्राला फार गोत्यात आणतो. ‘व्हिस्पर’ या प्रसिद्ध लिप्यंतर प्रणालीची तपासणी करून कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये निष्कर्ष मांडला, की सुमारे १ टक्का ध्वनिमुद्रणांच्या लिप्यंतरात कुणीच न उच्चारलेली वाक्ये घुसली होती. बोलण्यात विराम जास्त, तिथे हा धोकाही जास्त. प्रणाली सुधारत जातात, हे खरे. पण खुनाच्या खटल्यात असे एक वाक्यही महागात पडते.

शिवाय भाषा. महाराष्ट्रात कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे, पण पिंजऱ्यात येते ती वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, कधी हिंदीमिश्रित. जमिनीच्या दाव्यात ‘पावणेदोन एकर’, ‘साडेसात गुंठे’, ‘गट नंबर अमुक, हिस्सा तमुक’ एका दमात येतात. अनुभवी स्टेनोला ते कानाने कळते. जिथे शंका येते तिथे तो मान वर करतो आणि न्यायाधीश पुन्हा विचारतात.

तरीही यंत्राला नावे ठेवून चालणार नाही. जिथे स्टेनोचे पद रिकामे आहे, तिथे साक्ष नोंदवण्याचा वेग मंदावतो आणि पक्षकाराला पुढची तारीख मिळते. शांत दालनात एकाच आवाजात सांगितलेला निकाल यंत्र बऱ्यापैकी उतरवते. लघुलिपीच्या वहीतून संगणकावर उतरवण्याचे, संध्याकाळ खाणारे काम त्यामुळे कमी होईल, आणि ते झालेलेच बरे.

पदे संपलेली नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या जिल्हा न्यायालयांसाठी ४,६२९ पदांची जाहिरात काढली, त्यात श्रेणी-३ लघुलेखकांची ५६८ होती. टायपिंगच्या क्लासात आजही पिटमनच्या पद्धतीने पातळ रेघ म्हणजे ‘प’, तीच दाबून काढली की ‘ब’, असे धडे गिरवले जातात. इंग्रजी टंकलेखन ४० आणि मराठी ३० चा वेग कमावला जातो. या वाटेने जाणाऱ्याने वेग कमवावाच, पण नुसत्या वेगावर भिस्त ठेवू नये. निशाणी, पंचनामा, सातबारा, कलमे यांची जाण, दोन-तीन बोलींचा कान आणि यंत्राने दिलेला मजकूर चटकन तपासण्याची नजर, यांवरच पुढची नोकरी टिकेल.

आणि साक्षीदार म्हणून कधी कोर्टाची पायरी चढावी लागलीच, तर एक ध्यानात ठेवा. फौजदारी खटल्यात साक्ष झाल्यावर ती तुम्हाला वाचून दाखवली जावी, अशी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३१३ ची तरतूद आहे. नोंद तुम्हाला न कळणाऱ्या भाषेत असेल, तर समजावून सांगितली गेली पाहिजे. चुकले असेल तिथे तुम्ही हरकत घेऊ शकता. न्यायाधीश दुरुस्ती करतात किंवा तुमच्या हरकतीची नोंद ठेवतात. कागद स्टेनोने टाइप केलेला असो वा यंत्राने, नीट ऐकून मगच सही करा.