पुराणातल्या मोकळ्या जागा आणि नारायणगावचा वग

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, हा तर पोरांचा उद्योग. सिनेमा अर्धवट सुटला की पुढे काय होणार, यावर तर्क लढवायचे, एकमेकांना कल्पना सांगायच्या. 'कटप्पाने बाहुबलीला का मारलं?' या एका प्रश्नावर जुलै 2015 पासून एप्रिल 2017 पर्यंत, म्हणजे दुसरा भाग येईपर्यंत, अख्ख्या देशाने डोकं खाजवलं. पण जुन्नर-आंबेगावच्या माणसाला यात नवीन काय? तमाशाची पंढरी म्हणतात ते नारायणगाव आपल्याच तालुक्यात आहे, आणि तमाशा उभा राहिला तो असल्याच तर्कांवर.

गवळण आठवा. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण आणि पेंद्या अडवतात. गवळणींबरोबर एक मावशी असते. लुगडं नेसलेला पुरुष गडी ते काम करतो आणि सगळ्यात जास्त हशा तोच घेतो. ही मावशी भागवतात शोधून सापडायची नाही. कुणाला तरी शंका आली असणार, एवढ्या तरण्या पोरी दूध-दही घेऊन एकट्या कशा जातील? सोबत कुणी जाणती बाई नको का? (आता हा माझाही तर्कच झाला म्हणा.)

कलगी-तुऱ्यात याची रीतसर कुस्ती व्हायची. तुरेवाले शिवाला मोठं मानणारे, कलगीवाले शक्तीला. एका शाहिराने डफावर पुराणातलं कोडं घालायचं, दुसऱ्याने ते गाऊनच सोडवायचं. लक्ष्मण चौदा वर्षं वनात होता, तर इकडे ऊर्मिलेचं काय चाललं होतं? अशा मोकळ्या जागा शोधायच्या. पण मनाला येईल ते सांगून भागत नसे, पुराणाचा दाखला लागे. समोर बसलेल्यांनाही पुराणं कीर्तनातून ऐकून ठाऊक असत. थाप मारली की लगेच पकडली जाई. म्हणून शाहीर आपली बाडं, म्हणजे गाण्यांच्या वह्या, जिवापाड जपत. चेल्याशिवाय कुणाला दाखवत नसत. कल्पना आधी फुटली तर सवालातला जीवच गेला!

वगाचं उलटं. तिथे कल्पना सगळ्यांची. 'मोहना-बटाव' हा पहिला वग समजला जातो, तो उमा-बाबू सावळजकरांचा, साधारण 1865 चा. पण पुष्कळ फडांत वगाची संहिता लिहिलेली नसायची. कथेचा धागा तेवढा सांगायचा, राजा कोण, प्रधान कोण, शेवटी काय होतं. मधलं बोलणं नटांनी उभ्या उभ्या रचायचं. सोंगाड्या त्या गावच्या सरपंचाला, ओढ्याला, कांद्याच्या भावाला वगात ओढून आणायचा. टाळी पडली ते वाक्य पुढच्या गावात राहायचं, नाही पडली ते गळून जायचं. अशा शंभर जत्रांतून वग पक्का होई. त्यात प्रेक्षकांचा वाटा किती, हे मोजता यायचं नाही.

मग वग कुणाचा? इथे मला खरी अडचण दिसते. 'गाढवाचं लग्न' हरिभाऊ वडगावकरांनी लिहिलं, म्हणून त्यांचं नाव राहिलं. दादू इंदुरीकरांनी ते गाजवलं, त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला, त्यांच्या नावाने राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कारही देतं. हे योग्यच. पण ज्या सोंगाड्याने मधली वाक्यं सुचवली, त्याचं नाव कुठल्या कागदावर आहे? तो गेला की त्याच्याबरोबर अर्धा वग जातो. शाहिराच्या लपवलेल्या बाडालाही वाळवी लागली, आणि उघड्यावर वाटून टाकलेला वगही हवेत विरला. आजच्या पोरांचे तर्क निदान लिहिलेले तरी असतात, कुणाला काय सुचलं ते नावानिशी दिसतं. या बाबतीत ती शाहिरांपेक्षा नशीबवान.

चैत्रातल्या जत्रांच्या तोंडावर नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे कारभारी सुपारी ठरवायला येतात. पैशाची घासाघीस तर होतेच, पण मधेच कुणीतरी विचारतो, "यंदा वग कोणता?" व्यवस्थापक दोन-चार वाक्यांत कथा सांगतो. त्या वेळी राहुटीच्या दाराशी उभं राहून ऐका. समोरचा म्हातारा हमखास म्हणतो, "त्या प्रधानाला शेवटी मारू नका बुवा."