घरचे काम आणि कचेरीचे माप

भोरहून वरंध घाटाकडे जाताना हिर्डोशी लागते. या गावचा माझा एक जुना विद्यार्थी २०२० च्या टाळेबंदीत पुण्यातील भाड्याची खोली सोडून घरी परतला आणि संगणकावर नोंदी करण्याचे आपले काम घरूनच करू लागला. आवणीचे दिवस, घरात माणसांची वर्दळ आणि पावसाबरोबर जाणारी वीज! महिनाअखेरीस कार्यालयाने कळविले, की त्याचे काम घटले आहे. ‘सर, मी आळशी झालो का?’ असे त्याने मला विचारले. या प्रश्नाचे उत्तर देणे अर्थशास्त्राच्या अध्यापकाला टाळता येणार नाही.

घरी काम अधिक होते की कचेरीत, याविषयी मते पुष्कळ, प्रयोग मात्र थोडे. शांघाय येथील ‘सीट्रिप’ या प्रवाससेवा कंपनीने २०१० च्या अखेरीस स्वेच्छेने पुढे आलेल्या नोकरांपैकी काहींना, जन्मतारखेवरून निवडून, नऊ महिने घरून काम दिले. त्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. या आकड्याचा गवगवा फार झाला. परंतु प्रयोगाच्या अटींकडे दुर्लक्ष झाले. किमान सहा महिन्यांचा अनुभव आणि घरी कामासाठी स्वतंत्र खोली असणाऱ्यांनाच त्यात प्रवेश होता. शिवाय प्रयोग संपल्यावर घरून काम करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक कचेरीत परतले. एकटेपणा हे त्याचे एक प्रमुख कारण होते.

आपल्याकडील अनुभव निराळा आहे. ॲटकिन, शोअर व शिंदे या संशोधकांनी चेन्नईत नोंदणीकाम करणाऱ्यांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. घरी बसणाऱ्यांची उत्पादकता १८ टक्क्यांनी कमी भरली. त्यातील सुमारे दोन तृतीयांश तफावत पहिल्या दिवसापासूनच होती. उरलेली, कचेरीतील लोक काम लवकर शिकले म्हणून पडली. विशेष म्हणजे, ज्यांना घरूनच काम हवे होते त्यांची घट २७ टक्के, तर कचेरी पसंत करणाऱ्यांची १३ टक्के होती. म्हणजे ज्यांना घर सोडता येत नाही, त्यांचेच घरी अधिक नुकसान होते. पुष्कळदा अशी निवड हौसेची नसून संसाराच्या ओढीची असते.

मग घरून काम त्याज्य मानावयाचे काय? तसे नाही. १९५९ मध्ये गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या ‘लिज्जत’चे उदाहरण पाहावे. पीठ केंद्रात मळले जाते, पापड घरोघरी लाटले जातात आणि पुन्हा केंद्रातच तपासून, तोलून घेतले जातात. लाटण्याचे काम सुटे करता येते आणि त्याचे माप वजनाने घेता येते, म्हणून ते घरी जाते. दर्जा सांभाळण्याचे काम मात्र केंद्राकडेच राहते. तेव्हा घर की कचेरी, यापेक्षा कामाचा कोणता भाग कोठे व्हावा, हाच खरा प्रश्न होय.

त्याला जोडून खर्चाचाही प्रश्न येतो. कचेरी नोकराला टेबल, दिवा, शांतता आणि अडले तर विचारावयास शेजारी अनुभवी माणूस देते. काम घरी गेले की हा सारा भार कुटुंबावर पडतो; मालकाच्या वहीत तो दिसत नाही. टाळेबंदीत स्वतःच्या दूरध्वनीवरून वर्ग घेणाऱ्या शिक्षकांना हे वेगळे सांगावयास नको.

म्हणून नवख्यांना प्रारंभी कचेरीत शिकू द्यावे. घरून काम करणाऱ्यांना जागेचा व विजेचा भत्ता मिळावा. आणि हिर्डोशीसारख्या गावी शाळेची किंवा ग्रामपंचायतीची एखादी खोली, खात्रीची वीज व जोडणी देऊन, दिवसा कामास व सायंकाळी अभ्यासास खुली ठेवावी. खर्च होईल, हे खरे. पण आज तोच खर्च एकेका घराला निमूटपणे सोसावा लागत आहे.

त्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले, की तू आळशी झाला नाहीस. तुझी कचेरी गेली, परंतु तुझ्या कामाला माप मात्र कचेरीचेच राहिले.