पानगळ बघून झाली, आता ग्रास लेकला जा

मिशिगनमधल्या पानगळीचे फोटो एव्हाना प्रत्येक कुटुंबाच्या ग्रुपवर येऊन गेले असतील, त्यामुळे लाल-पिवळ्या मेपलचं वर्णन इथे करत नाही. मुला-नातवंडांकडे ॲन आर्बरला गेलेल्या आई-बाबांना माझं सांगणं एवढंच, की खरा सोहळा पानं गळायला लागल्यावर सुरू होतो. त्यासाठी शहरातून आय-94 महामार्गाने पश्चिमेला अर्धा-पाऊण तास जायचं. ग्रास लेक हे तळ्याकाठचं छोटंसं गाव लागतं. उन्हाळ्यात इथे पोहणं, होड्या आणि गळ टाकून बसणं चालतं. जवळच वीस हजार एकरांहून मोठं वॉटरलू राखीव क्षेत्र आहे. हिमयुगाच्या शेवटी मागे राहिलेले बर्फाचे प्रचंड तुकडे वितळून इथली बरीचशी तळी तयार झाली.

पण ऑक्टोबरअखेर गाडी वळवायची ती गावाच्या वायव्येला, हेनली पक्षी अभयारण्याकडे. कॅस्पर हेनली यांनी मुलीच्या स्मरणार्थ 1955 मध्ये ही जमीन मिशिगन ऑडुबॉन संस्थेला दिली. इथे शरदात जमणारे सँडहिल क्रौंच पक्षी दिवसभर कापणी झालेल्या मक्याच्या शेतांत चरतात आणि सूर्य कलला की थव्याथव्याने दलदलीत उतरतात. रात्र उथळ पाण्यात उभ्याने काढतात. कोल्ह्यासारखा शिकारी कोयोट आला तर पाण्याच्या आवाजाने चाहूल लागते. हे पक्षी जवळजवळ चार फूट उंच, कपाळावर लाल चट्टा असलेले. त्यांची श्वासनलिका छातीच्या हाडात वेटोळं घालून बसलेली असते, म्हणून त्यांची साद फार दूरवर ऐकू येते. ऐन हंगामात एकेका संध्याकाळी हजारो पक्षी उतरतात.

हे आज दिसतं यात बॅटल क्रीकच्या एका दंतवैद्याचा मोठा वाटा आहे. लॉरेन्स वॉकिनशॉ दवाखाना सांभाळून दलदली तुडवत क्रौंचांची घरटी शोधायचे. 1940च्या दशकात दक्षिण मिशिगनमध्ये जेमतेम पंचवीस-तीस जोड्या उरल्याचं त्यांच्या नोंदींतून दिसलं. शिकारीवर 1918च्या कायद्याने बंदी आली होती, तरी संख्या वाढायला कित्येक दशकं लागली. कारण मादी बहुधा दोनच अंडी घालते, त्यातलं अनेकदा एकच पिल्लू जगतं आणि त्यालाही जोडी जमवायला काही वर्षं लागतात. पदवी प्राणिशास्त्राची नसताना या माणसाने 1973 मध्ये जगभरच्या क्रौंचांवर ग्रंथ लिहिला. हौसेने केलेल्या नोंदींना एवढं मोल असतं.

आणि आता शिकारीची मागणी आहे! मिशिगनच्या प्रतिनिधिगृहाने 2017 मध्येच तसा ठराव केला. केंटकी आणि टेनेसीत तर शिकार सुरूही झाली आहे. पेरलेला मका कोंब फुटताच क्रौंच उपटून खातात, ही शेतकऱ्यांची तक्रार खरीच आहे. पण बियाण्याला पक्ष्यांना नकोसा वाटणारा लेप लावता येतो. मग ते त्याच शेतातले किडे आणि सांडलेले दाणे खातात. शरदातल्या शिकारीने वसंतातली पेरणी कशी वाचणार, हे मला कुणी पटवून दिलेलं नाही.

आपल्या गोंदियात याच कुळातला सारस भाताच्या बांध्यांत घरटं करतो. जिल्ह्यातल्या सारसांची संख्या पन्नासही भरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये याची स्वतःहून दखल घेतली. कीटकनाशकं, विजेच्या तारा आणि आक्रसणारे तलाव ही तिथली दुखणी. पंचवीस-तीस जोड्यांवरून हजारोंवर जाता येतं, हे ग्रास लेकजवळ दिसतं. त्यासाठी पाणथळ जागा मात्र शाबूत लागते.

जायचं तर दुर्बीण आणि जाड कोट घ्या. पाहण्याची जागा टेकाडावर आहे आणि तिथे वारा झोंबतो. दलदलीत उतरू नका. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, सूर्यास्त सव्वापाचच्या सुमाराला होतो. म्हणून चारच्या आत पोहोचा.