मलकापूर ते मालागा : इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात इंग्रजी घेऊन बी.ए., एम.ए. आणि वर बी.एड. केलेली मुलं-मुली तालुक्यातालुक्यात आहेत. शिक्षक भरतीची वाट बघत, तासिका तत्त्वावर शिकवत असताना त्यांच्या मोबाइलवर जाहिरात येते : स्पेनच्या समुद्रकाठी, बार्सिलोनात किंवा मालागाला, चार आठवड्यांत इंग्रजीचे शिक्षक व्हा. आज आपण बघू की या चार आठवड्यांत नेमकं घडतं काय, आणि त्यातलं मलकापूर-मेहकरच्या मुलामुलींच्या कामाचं किती.

या अभ्यासक्रमाचं मूळ स्पेनमध्येच सापडतं, पण समुद्रापासून दूर. जॉन आणि ब्रिटा हेक्राफ्ट या जोडप्याने 1953 साली कोर्दोबा शहरात इंग्रजीची शाळा काढली. पुढे ते लंडनला आले. शिक्षक तर हवेत, पण परदेशी प्रौढांना इंग्रजी कसं शिकवायचं हे शिकवणारं कोणी नाही, म्हणून 1962 मध्ये त्यांनी स्वतःच छोटा अभ्यासक्रम सुरू केला. आज केंब्रिजचं ‘सेल्टा’ प्रमाणपत्र म्हणून जे ओळखलं जातं, ते याच वाटेने आलेलं. ट्रिनिटीचंही असंच एक प्रमाणपत्र आहे. ही दोन नावं लक्षात ठेवा, कारण बाजारात बाकीची पुष्कळ आहेत आणि त्यातल्या काहींत प्रत्यक्ष विद्यार्थ्यांसमोर एकदाही उभं राहावं लागत नाही.

आता कुणी म्हणेल, आम्ही दोन वर्षं बी.एड. केलं, वीस आठवडे शाळेत इंटर्नशिप केली, आता चार आठवड्यांत आणखी काय शिकणार? प्रश्न रास्त आहे. सेल्टामध्ये साधारण 120 तासांचं काम असतं आणि त्यात प्रत्यक्ष शिकवायचं फक्त सहा तास. पण हे सहाही तास कुणीतरी मागे बसून बघतं. समोर खरे विद्यार्थी असतात, गावातले दुकानदार, नर्स, निवृत्त माणसं. पाठ संपला की सगळ्या प्रशिक्षणार्थींसमोर त्याची चिरफाड होते : तुम्ही किती बोललात, विद्यार्थी किती बोलले, मागच्या बाकावरची बाई पूर्ण तासात एक वाक्य तरी बोलली का? शिवाय अनुभवी शिक्षकांचे सहा तास आपण बसून बघायचे. आपल्याकडे सराव पाठ होतात, टाचणवहीवर सही होते. ही चिरफाड मात्र फार थोड्या ठिकाणी मनापासून होते.

एक साधी गोष्ट घ्या. आपण वर्गात विचारतो, ‘समजलं का?’ पोरं एका सुरात म्हणतात, ‘हो सर!’ तिथे हा प्रश्न विचारूच देत नाहीत. ‘आय यूज्ड टू स्मोक’ शिकवलं, तर विचारायचं : हा माणूस आज सिगारेट ओढतो का? पूर्वी एकदाच ओढली, की नेहमी ओढायचा? उत्तर चुकलं की लगेच कळतं गाडी कुठे अडली. आणि मराठीत अर्थ सांगून मोकळं होण्याची सोय तिथे नसते, त्यामुळे चित्र काढा, अभिनय करा, प्रसंग उभा करा.

इथे आम्हाला एक गमतीची गोष्ट सांगायची आहे. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याला जे शोधून काढावं लागतं, ते आपल्याला घरबसल्या कळतं. स्पॅनिशमध्ये ‘मला कॉफी आवडते’ हे ‘मे गुस्ता एल काफे’ असं म्हणतात. म्हणजे आवडणारी वस्तू कर्ता, आणि आपण ‘मला’. पुस्तकं अनेक असली की क्रियापद बदलतं : ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’, मला पुस्तकं आवडतात. अगदी आपलीच रचना! ‘आय लाइक’ म्हणताना स्पॅनिश माणूस का घुटमळतो, हे मराठी शिक्षकाला लगेच उमगायला हवं. पाऊस पडतोय म्हणताना आपण ‘इट’सारखं काही लावत नाही, तेही लावत नाहीत, म्हणून ‘इज रेनिंग’ ही चूक दोघांचीही. शब्दाच्या सुरुवातीचा ‘स्ट’ दोघांनाही जड : आपल्या बोलीत स्टेशनचं ‘ठेसन’ झालं, ते पुढे ‘ए’ लावून ‘एस्तासिओन’ म्हणतात. ही समज मुलाखतीत बोलून दाखवण्यासारखी आहे. प्रवेशाला जन्माने इंग्रज असावं लागत नाही. वय 18 पूर्ण आणि इंग्रजी चांगलं पक्कं हवं, आणि ते मुलाखतीत तपासतात.

आता कागदपत्रांचं. हा भाग जाहिरातीत बारीक अक्षरांत असतो. प्रमाणपत्र म्हणजे नोकरीचा परवाना नव्हे. चार आठवड्यांसाठी आपल्याला शेंगेन व्हिसा लागतो, तो जास्तीत जास्त 90 दिवसांचा, आणि त्यावर नोकरी करता येत नाही. युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला कामावर घ्यायचं तर सहसा मालकाला दाखवावं लागतं की तिथल्या तिथे कोणी मिळत नाही. इंग्रजीच्या खासगी अकादमी तिथे खूप आहेत, पण एवढा खटाटोप त्या क्वचितच करतात. 2021 पासून तर खुद्द ब्रिटिशांनाही याच रांगेत उभं राहावं लागतं. तेव्हा शेत गहाण टाकून मालागाला जायचा विचार असेल तर आमचं मत स्पष्ट आहे : नका जाऊ. सेल्टा 2020 पासून पूर्ण ऑनलाइनही करता येतो. स्पेनमध्ये होतो तोच अभ्यासक्रम, तेच प्रमाणपत्र. विमानभाडं, राहणं वाचतं.

आणि शिकवायला विद्यार्थी शोधत समुद्रकाठीच जायला हवं असंही नाही. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, 2000 साली, महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीपासून होतं. म्हणजे स्वतः पाचवीत एबीसीडी गिरवलेल्या शिक्षकांवर सहा वर्षांच्या पोरांना बोलतं करायची वेळ आली. जिल्हा परिषदेच्या शाळांत ते काम अजून चालूच आहे. दोन शिक्षकांनी ठरवलं तर आठवड्यातून एकदा एकमेकांच्या तासाला मागे बसता येतं. हातात घड्याळ घ्यायचं, शिक्षक किती मिनिटं बोलला, मुलं किती, एवढंच लिहायचं. त्याला फी नाही, व्हिसा नाही.

तरीही पैसे भरायचे असतील तर आधी संस्थेला चार प्रश्न लेखी विचारा. प्रमाणपत्र केंब्रिजचं की ट्रिनिटीचं, की संस्थेचं स्वतःचं? शिकवण्याचे सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर आहेत का? भारतीय पासपोर्टवाल्या किती जणांना गेल्या वर्षी स्पेनमध्ये नोकरी मिळाली? व्हिसा नाकारला गेला तर फी परत मिळते का? तिसऱ्या प्रश्नाला आकड्याऐवजी समुद्राचे फोटो आले, तर पैसे खिशातच राहू द्या.