बॉनेटखालची तुळई

सातारा ते सांगली, सुमारे 120 किलोमीटर. एक आड एक शनिवारी ऑफिस सुटलं, की माझी छोटी हॅचबॅक घराकडे निघते. अण्णा मात्र सांगलीहून साताऱ्याला यायचे ते एसटीनं. "तुझ्या गाडीपेक्षा लाल डबा बरा," असं ते चारचौघांत म्हणायचे. गाडीचे हप्ते भरणाऱ्या मुलाला हे किती लागतं, विचारू नका!

कारण होतं यवतेश्वरचा घाट. जुलैचा पाऊस, मागे अण्णा आणि एक डावं वळण. स्टिअरिंग वळवलं, पण नाक सरळच निघालं. कठडा हातभर राहिला तेव्हा टायरनं रस्ता धरला. अण्णा काही बोलले नाहीत. पुढच्या वेळी एसटीनं आले, बस्स.

मग मी उपाय शोधला: स्ट्रट बार! बॉनेटखाली पुढच्या दोन्ही सस्पेन्शनची वरची टोकं जोडणारा धातूचा दांडा. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतात. 1940 च्या दशकात अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरनं ही रचना विकसित केली. वळणावर बाहेरच्या चाकाचा जोर स्ट्रटमधून बॉडीवर येतो. पत्रा किंचित लवतो, चाकाचा कोन जरासा बदलतो. दांडा हे लवणं कमी करतो. दिसतोही एकदम रेसिंग!

लाल रंगाचा बार घेऊन मी सांगलीतल्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बारकडे बघितलंच नाही. मला स्टिअरिंग फिरवायला लावलं. उजवीकडून 'टक्' आवाज आला. स्ट्रटच्या वरच्या माउंटचं रबर फाटलेलं, पुढचे टायर गुळगुळीत.

"दादा, खांब कुजलाय आन् तुम्ही तुळई आणलीया व्हय?"

काय बोलणार! त्या दिवशी दोन्ही माउंट, दोन टायर आणि अलाइनमेंट झालं. खिसा रिकामा झाला. पण परत जाताना गाडी पेठ नाक्यापर्यंत अशी सरळ चालली, की बार डिकीतच राहिला तरी चाललं असतं.

पंधरा दिवसांनी मिस्त्रींनी तोही बसवला. गाडी सपाट जागी, चारही चाकं जमिनीवर. एका बाजूचे बाहेरचे नट काढायचे, बारची प्लेट बसवायची, मग दुसरी बाजू. "मधल्या नटाला हात लावायचा नाय. खाली स्प्रिंग दाबून बसलीया." बॉनेट घासतंय का, हे बघायला त्यांनी घरून कणकेचा गोळा मागवला. बारवर ठेवून बॉनेट अलगद टेकवलं. गोळा चपटा झाला, पण पार दबला नाही. पास!

फरक पडला? खरं सांगू, थोडासा. स्टिअरिंगला गाडी चटकन उत्तर देते. पण ओल्या रस्त्यावरची पकड टायरचीच असते, ती कुठलाही दांडा वाढवत नाही. घाटातला तो दोष निम्मा टायरचा होता आणि निम्मा माझ्या वेगाचा.

सप्टेंबरात अण्णांना कासची फुलं बघायची होती. ते आले, पुढच्या सीटवर बसले, वरचं हँडल धरलं. तेच डावं वळण गेलं. थोड्या वेळानं हँडल सुटलं.

"बारमुळं हो," मी कॉलर ताठ केली.

"छे! तू आता ब्रेक वळणाच्या आधी मारतोस."

बार घेण्याआधी
• टायर, माउंट, बुश, शॉक अॅब्सॉर्बर आणि अलाइनमेंट तपासा.
• तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेला बार घ्या. भोकं पाडून बसवू नका.
• थोडं चालवून झाल्यावर नट पुन्हा तपासून घ्या.
• वॉरंटी आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 याबद्दल सर्व्हिस सेंटर आणि आरटीओकडे आधीच विचारा.