घोरण्याचं ऑपरेशन करण्याआधी

मालवणजवळच्या एका वस्तीत आम्ही रक्तदाब तपासायला गेलो होतो. त्या घरचे दादा वडापची गाडी चालवतात. वहिनी हळूच म्हणाल्या, "ह्यांचो श्वास झोपेत मधीच बंद जाता. मगे एकदम धडपडान उठतत." दिवसा गाडी चालवताना डुलकी येते ती वेगळीच. कुणीतरी सांगितलं होतं, पडजीभ कापली की घोरणं जातं. त्यासाठी दागिने गहाण टाकायची बोलणी चालली होती. झोपेची तपासणी मात्र झालीच नव्हती.

याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, मऊ टाळू आणि जीभ मागे येते आणि श्वासाची वाट बुजते. असं तासाला तीसपेक्षा जास्त वेळा झालं तर आजार गंभीर. रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. गायक बप्पी लाहिरी २०२२ साली मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाच्या २००४ सालच्या अभ्यासात ३५ ते ६५ वयाच्या शंभर पुरुषांमागे सात-आठ जणांना हा आजार निघाला. ते आरोग्यतपासणीला आलेले शहरी लोक. आपल्या वस्त्यांत मोजायला कोण आलंय?

पडजीभ, टाळूची कड आणि टॉन्सिल काढण्याची शस्त्रक्रिया फुजिता यांनी १९८१ साली अमेरिकेत या आजारासाठी पुढे आणली. तिचा पुरेसा गुण साधारण निम्म्याच रुग्णांना येतो. अडथळा जिभेच्या मागे असेल तर टाळू कापून काय होणार? कधी घोरणं थांबतं, पण श्वास अडकतच राहतो, आणि घरच्यांना वाटतं माणूस बरा झाला. घसा दोनेक आठवडे फार दुखतो, रक्तस्राव होऊ शकतो, कुणाला पाणी नाकातून येतं. वजन वाढलं की आजार परत येऊ शकतो. लहान मुलांचं वेगळं: टॉन्सिल आणि ॲडिनॉइड वाढलेले असतील तर ते काढणं हाच बहुतेक वेळा पहिला उपाय, आणि त्याने बऱ्याच मुलांना आराम पडतो.

मोठ्यांसाठी आधी सीपॅप, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देणारं यंत्र. त्याला वीज लागते. पावसाळ्यात आपल्याकडे तीच जाते, हे डॉक्टरांना सांगा. वजन कमी करणं, कुशीवर झोपणं आणि रात्रीची दारू बंद करणं याला पैसा लागत नाही. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नका.

ऑपरेशन सुचवलं तर विचारा: तपासणीत तासाला किती वेळा श्वास अडला? अडथळा नेमका कुठे आहे? ओरोसच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभागात आधी दाखवा. ऑपरेशन कुठलंही असो, भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा आजार सांगायलाच हवा.

ते दादा आता तपासणीला जायला तयार झालेत. तोवर लांबचं भाडं घेत नाहीत.